हाताची कळ

आई काजूच्या कारखान्यातून परत आली की आधी अंगणातल्या दगडावर बसून बोटं घासायची. चुलीतली राख, मग खोबरेल, मग पुन्हा राख. काजूच्या टरफलातलं तेल कातडीत शिरलं की निघत नाही. तिची दहाही बोटं टोकाला काळी होती आणि तिथली साल सोलून निघायची. भात कालवताना झोंबायचं म्हणून ती चमच्याने जेवायची, आणि पाहुणे आले की पाहुण्यांसमोर जेवायचंच टाळायची. बाबा पडवीत खांबाला टेकून तिचं ते घासणं ऐकत असत. बघत नसत. आमचं घर भाट्याच्या खाडीच्या अंगाला होतं, चिऱ्यांच्या भिंतींचं, आणि भरतीचं पाणी वर चढू लागलं की त्याचा एक हलका चुबुक-चुबुक आवाज येई. त्या आवाजात आईच्या हातांची खसखस मिसळायची. माझ्या तरुणपणाचा आवाज कोणता असं कोणी विचारलं, तर मी हाच सांगेन.

बाबा बोटीवर खलाशी होते. डेकवरचा गंज हातोड्याने ठोकून काढायचा, रंग मारायचा, दोरखंड ओढायचे, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. एका बंदराला लागण्याआधी दोर गुंडाळणाऱ्या विंचमध्ये त्यांचा उजवा हात अडकला आणि मनगटाखाली निकामी झाला. तो होता, पण लटकायचा. तेव्हा त्या बोटीवर रेडिओ ऑफिसर होते पावस गावचे आगाशे सर. किनाऱ्यावर डॉक्टर तयार ठेवा हा निरोप त्यांनीच पाठवला होता. बाबा त्यांना कायम रेडिओसाहेब म्हणत. 'सायब एका खोलीत बसतो, अंगाला घाम नाय, आणि बोट दाबलान की मुंबईपर्यंत कळता,' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत होतो. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पण पदवी भिंतीवर लावून दीड वर्ष झालं तरी नोकरी नव्हती, आणि घरात काम करणारी फक्त आई होती. अशात किनाऱ्यावरच्या एका बिनतारी केंद्रात ऑपरेटरच्या जागा निघाल्या. पदवी चालणार होती, पण आखूड-लांब ठोक्यांनी निरोप पाठवायचं मोर्स यायला हवं होतं, वयाची अट माझ्यासाठी त्याच वर्षी संपत होती, आणि परीक्षेला दोनदाच बसता येणार होतं. बाबा मला सरळ पावसला घेऊन गेले.

सर तेव्हा निवृत्त होऊन आपल्या आंब्याच्या बागेत एकटे राहत होते. हौशी रेडिओचा परवाना त्यांच्याकडे होता. दोन उंच कलमांच्या शेंड्यांमध्ये त्यांनी एरियलची तार ताणली होती, आणि वानर त्या तारेला झोके घेत म्हणून त्यांचं जगाशी बोलणं आठवड्यातून एकदा तरी तुटायचं. "ऑस्ट्रेलिया लागलं होतं रे," ते म्हणायचे, "आणि या हलकटाने मध्येच शेपूट टाकलं." तास न् तास मोर्सची कळ दाबून त्यांचं मनगट नोकरीतच गेलं होतं. तार खात्यातल्या जुन्या लोकांना व्हायचा तोच आजार. वरून हात चांगला दिसे, पण चार डिट, म्हणजे मोर्सचे आखूड ठोके, मारायला सांगितले तर तिसऱ्यालाच थरथरे. म्हणून त्यांनी मुंबईहून सुटे भाग मागवून स्वतः एक इलेक्ट्रॉनिक कीयर बनवला होता. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. त्याच डब्यावर मी मोर्स शिकलो. परवाना नसल्यामुळे हवेत काही पाठवायची मुभा मला नव्हती. एक छोटा बझर लावून आम्ही खोलीतल्या खोलीत बोलत असू.

हा कीयर काय करतो ते इथे सांगायला हवं, कारण माझी पुढची सगळी फजिती त्यातच आहे. साध्या कळीवर माणूस वरून खाली दाबतो. दाबलेलं असेल तेवढा वेळ आवाज. डिट आखूड, डा त्याच्या तिप्पट, मधली फट डिटएवढी. आणि हे सगळं माप मनगटाने राखायचं. कीयरला मात्र दोन उभ्या पट्ट्या असतात, अंगठा आणि तर्जनी यांच्या मधोमध. त्या आडव्या दाबायच्या. अंगठ्याची पट्टी धरून ठेवली की डब्यातलं घड्याळ डिट-डिट-डिट सोडत राहतं, सगळे एका मापाचे. तर्जनीची धरली की डा-डा-डा. दोन्ही एकदम चिमटीत धरल्या की एक डा, एक डिट, एक डा, एक डिट, आपोआप आलटून पालटून. इंग्रजी सी हे अक्षर नुसत्या एका चिमटीत होतं. आणि डा चालू असताना तुम्ही घाईने डिटची पट्टी टेकवलीत, तरी तो ते लक्षात ठेवतो आणि डा पुरा झाल्यावर तुमचा डिट घालतो. आमच्याकडे शिरवाळे करताना आई साचा वापरायची. कोणीही दाबो, मी दाबो नाहीतर शेजारची चार वर्षांची पोर, शेवया निघायच्या त्या एकाच जाडीच्या. कीयर तसाच. पीठ आपलं, छिद्रं त्याची. सरांचं थरथरतं बोट कुठल्या क्षणी टेकलं याला त्या डब्यात किंमत नव्हती. तो शांतपणे पुरा डिट काढून द्यायचा. परदेशातले लोक सरांना विचारत, तुमचं वय काय, हात अगदी तिशीतला वाटतो. सर हसत आणि मला सांगत, "खोटं नाही रे हे. नुसतं झाकलेलं आहे."

तीन महिन्यांत मी लागणाऱ्या वेगाच्या दीडपट वेगाने पाठवू लागलो. सर टाळ्या वाजवत. सरांची जुनी पितळी कळ कपाटात मऊ फडक्यात गुंडाळलेली होती. ती बघवत नाही म्हणून ते तिला हात लावत नसत, आणि मीही कधी मागितली नाही. परीक्षेच्या पत्रकात 'हातकळीने पाठवणे' असं स्पष्ट छापलेलं होतं. मी ते वाचलं होतं. पदवीधर माणूस होतो, वाचता येत होतं. मला वाटलं, अक्षरं येतात ना, मग कळ कसलीही असो. पोहणाऱ्याला विहीर काय आणि खाडी काय.

मुंबईला परीक्षकांच्या टेबलावर एक काळी कळ स्क्रूने बसवलेली होती. समोर कागद, त्यावर इंग्रजी मजकूर, पहिला शब्द 'शिप'. इंग्रजी एस म्हणजे तीन डिट. मी बसलो, आणि माझा अंगठा व तर्जनी आपणहून त्या गोल मुठीच्या दोन बाजूंना गेले आणि तिला आडवी दाबू लागले. कळ हलली नाही. मग भानावर येऊन वरून दाबली, आणि दाबून धरली. धरून ठेवली, कारण माझं बोट तीन डिट बाहेर पडायची वाट बघत होतं. तीन महिने त्याला तेच शिकवलं होतं. हेडफोनमध्ये एकच लांबलचक पोंऽऽऽ वाजत राहिला.

"काय रे," परीक्षक चष्म्यावरून बघत म्हणाले, "हॉर्न वाजवतोस काय? समोर गाय आली?"

मागच्या बाकावरची मुलं हसली. मी पुन्हा सुरुवात केली. डिट मोजून मारायला गेलो तर दोन लागले, एक नुसताच खरडला, चौथा उगाच पडला. डा कुठे संपवायचा हे मला ठाऊकच नव्हतं. आजवर तो डबाच संपवत आला होता. घामाने मूठ निसटू लागली. दुसरी ओळ पुरी व्हायच्या आत परीक्षकांनी पेन्सिल खाली ठेवली. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "ऐकून लिहिण्यात तुझी एकही चूक नाही. पण हात नाही तुला. कोणी शिकवलं?" मी सरांचं नाव सांगितलं नाही. "पाच आठवड्यांनी परत ये. शेवटचं असेल ते."

रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर बाबा उभे होते. सकाळपासून प्रत्येक मुंबईची गाडी बघत होते असं पानवाल्याने नंतर सांगितलं. मी उतरलो तसे ते पुढे आले, आणि त्यांचं तोंड इतकं उघडं होतं, लहान मुलासारखं, की मला ते बघवेना.

"झाला?" ते म्हणाले.

"झाला," मी म्हणालो.

परीक्षा झाली का, एवढंच त्यांनी विचारलं आणि मी एवढंच सांगितलं, अशी पळवाट मी पुढे स्वतःसाठी खूप दिवस वापरली. आता या वयात लिहिताना ती वापरणार नाही. ते काय विचारत होते ते मला कळलं होतं. मी खोटं बोललो. स्टँडसमोरच्याच दुकानात शिरून त्यांनी पेढे घेतले, डाव्या हाताने पुडा छातीशी धरला, आणि आमच्या वाडीतल्या एकेका घरी जाऊन, "दिगू लागला. रेडिओसायब झाला," असं सांगत वाटले. आईने देवापुढे एक ठेवला, अर्धा मला भरवला. तिच्या बोटांना काजूच्या तेलाचा उग्र वास होता. तो अर्धा पेढा मी गिळला.

ते पुढचे दहा दिवस मला आजही नीट आठवत नाहीत, आणि जे आठवतं ते नको वाटतं. बंदरावरच्या एका बर्फाच्या कारखान्यात राखणीचं काम बाबांसाठी ठरत आलं होतं. एका हाताने होणारं, बसून करायचं काम. बाबांनी नकार दिला. "माझा झील, दिगू, लागला आता, दुसऱ्या कोणा गरजवंताला द्या," असं ते मालकाला म्हणाले, आणि घरी येऊन ते वाक्य आम्हाला दोनदा म्हणून दाखवलं. तिसऱ्या दिवशी ते काम दुसऱ्याला लागलंही. आईच्या डाव्या तर्जनीत पू झाला होता, ती म्हणाली, "आता दिगूचा पत्र येईपर्यंतच जायचा, मग सोडीन कारखाना." कुळथाचं पिठलं आणि भाकरी पानात असायची आणि घास फिरत राहायचा. बाबा म्हणायचे, "जेव रे. सायबाच्या अंगावर थोडा मांस नको?"

सरांना मी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. फक्त घरी काय सांगितलंय ते सोडून. सरांनी उठून कपाटातून ती पितळी कळ काढली, फडकं सोडलं, माझ्यासमोर ठेवली. "चूक माझी," म्हणाले. "माझा हात गेला म्हणून तुझा मी होऊच दिला नाही." मी रोज पहिल्या गाडीने पावसला जायचो आणि दिवेलागणीला परतायचो. घरी सांगायचो, नोकरीआधीचा सराव. पण हात होईना. मनगट लाकडासारखं ताठ. सर तोंडाने सांगत, सैल सोड, सैल सोड. करून दाखवायला जात आणि तिसऱ्या ठोक्याला त्यांचाच हात कापू लागे. मग ते हात मांडीखाली दाबून बसत. एक शिकवू शकत नव्हता, दुसरा शिकू शकत नव्हता, आणि दिवस जात होते. एके दुपारी लवकर निघून परतताना भाट्याच्या पुलावर मी गाडीतून मध्येच उतरलो आणि कठड्याला धरून खालचं पाणी बघत किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. एक कोळीण टोपली घेऊन चालली होती. "काय रे, काय पडला काय खाली?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं आणि घरापर्यंत चालत गेलो. त्या बाईला मी पुन्हा कधी पाहिलं नाही. तिचे उपकार माझ्यावर आहेत.

अकराव्या दिवशी मी सरांच्या पडवीत कळीवर बसलो असताना बागेच्या दगडी गडग्यापाशी बाबा दिसले. डोक्यावर टोपली, तिच्यात सुरमई, वर केळीचं पान. सरांचे आभार मानायला आले होते. पायरीवर टोपली ठेवून ते डाव्या हाताने नमस्कार करत म्हणाले, "रेडिओसायब, तुमी माझा हात वाचवायला धडपडलात, तो काय वाचला नाय. पण पोराचा जन्म वाचवलात."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावरून त्यांना सगळं कळलं असावं. मला वाटलं, ते गप्प राहतील. ते खुर्चीतून उठले.

"शांताराम, पोरगा नापास झालाय," ते म्हणाले. "पहिल्या परीक्षेत. शिकवण्यात चूक माझी झाली. अजून एक संधी आहे."

बाबा खाली बसले नाहीत, ओरडले नाहीत. टोपलीवरचं पान वाऱ्याने उडत होतं ते त्यांनी नीट केलं. मग मला म्हणाले, "पेढे मी वाटले. तू पण खाल्लास."

एवढंच. पुढे कित्येक वर्षं मला त्यांनी एखादी थोबाडीत मारायला हवी होती असं वाटत राहिलं.

"मासे घ्या सायब, आणलेत ते परत नाय नेत," ते सरांना म्हणाले. आणि मग कळीकडे बोट करून, "ह्या काय करायचा असता ह्याच्यावर?"

सरांनी सांगितलं. ठोका आखूड, ठोका लांब, सगळे सारखे, मनगट सैल. बाबा म्हणाले, दाखव. मी दाखवलं. बझर खरडत, अडखळत वाजला. बाबांना एबीसीडी येत नव्हती, सहीसुद्धा अंगठ्याची. पण त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "दुसरा पयल्यासारखा नाय. तिसरा तर मेलेलाच. हा मारतो कुठे? हा घाबरून टोचतोय." मग पडवीच्या टोकाला फवारणीच्या औषधाची तीन जुनी पिंपं पडली होती, गंजून लाल झालेली, तिकडे बघून त्यांनी विचारलं, "सायब, हातोडा हाय?"

तीन दिवस मला त्यांनी कळीला हात लावू दिला नाही. पिंपाचा गंज काढायला लावला. स्वतः समोर उकिडवे बसले आणि डाव्या हाताने करून दाखवलं. वीस वर्षं उजव्याने केलेलं काम त्यांचा डावा हात जणू आठवून आठवून करत होता. "उचलताना जोर तुझा. पडताना नाय. पडताना तो लोखंडाचा. त्याला पडू दे. पडला की तो आपणच उठतो, तू फक्त सोबत जा. दाबून धरशील तर सांजेला हात सुजेल." माझा हात पहिल्या सांजेलाच सुजला. घरी आईला त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. तिने माझ्या मनगटाला खोबरेल चोळलं, तिच्या त्या सोललेल्या बोटांनी. दुसऱ्या दिवशी हातोडा हलका झाला. तिसऱ्या दिवशी ठण-ठण-ठण असा सारखा आवाज येऊ लागला, आणि आतून खुर्चीतले सर ओरडले, "अरे, हे काय मारलंस? हा एस होता! स्वच्छ एस!" बाबा म्हणाले, "मग आता त्या पितळेवर बस."

त्यानंतर ते रोज माझ्याबरोबर पावसला आले. अक्षर सांगायचे सर, ठोका ऐकायचे बाबा. माझ्याशी मात्र त्यापलीकडे एक शब्द बोलत नसत. गाडीतही नाही. येताना-जाताना पुलावर मी खिडकीबाहेर बघायचो आणि ते समोर.

आज माझ्या टेबलावर छोटा कीयर आहे, काडेपेटीएवढा. सरांच्या डब्यातलं सगळं एका चिपमध्ये मावलेलं. संधिवात झाल्यापासून तोच वापरतो, आणि त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. झाकायला काही असतं तेव्हा झाकणं किती उपकाराचं असतं ते आता कळतं.

दुसऱ्या परीक्षेला तेच परीक्षक होते. मी मूठ बोटांच्या टोकांनी नुसती धरली आणि हात पडू दिला. मजकूर पुरा झाला. दोन चुका झाल्या. तीन माफ होत्या. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बोटीवर होतास का रे?" म्हणाले. "हा ठोका पुस्तकातला नाही." मी म्हणालो, "मी नाही. वडील होते."

स्टँडवर बाबा होते. या वेळी पुढे आले नाहीत, खांबापाशीच थांबले. मी जवळ जाऊन म्हणालो, "पास झालो, बाबा." खिशातला शिक्क्याचा कागद काढू लागलो. त्यांनी तो घेतला नाही. माझा उजवा हात आपल्या डाव्या हातात धरला, मनगटाजवळ, आणि दोनदा हलवून बघितला. कापडासारखा हलला. "चल," म्हणाले. "आईची सुटायची वेळ झाली."

पेढ्यांच्या दुकानावरून आम्ही न थांबता गेलो. काजूच्या कारखान्याच्या फाटकापाशी बायका बाहेर पडत होत्या. आई पदराने बोटं पुसत आली आणि आम्हा दोघांना एकत्र बघून जागीच थांबली. "सांग तिला," बाबा म्हणाले. "या वेळेला तू सांग."

मी सांगितलं. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती बाबांकडे बघत राहिली, आणि बाबांनी मान हलवली, तेव्हा कुठे ती फाटकाला टेकून खाली बसली.